कोनाड्यातला पांढरा कप

तो कप मला हवा होता आणि तो अक्कांनी नेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही साळसूद बोलले तरी कुणी फसायला नको.

अक्का म्हणजे वर्षाराणी, माझी थोरली जाऊ. त्या लातूरला असतात. भाऊजींचे तिथं बारावीचे क्लास आहेत, क्लास जोरात आहेत आणि अक्कांचंही सगळं जोरातच असतं. मी दीपमाला, धाकटी. बिलोलीच्या घरात सासूबाईंजवळ मी राहते. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. माझ्या नवऱ्याचं, सोमेशचं, गावातच पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान आहे. आत्याबाईंचे गुडघे, त्यांच्या गोळ्या, त्यांची बिनतिखटाची आमटी हे सगळं माझ्याकडं. अक्का दिवाळीला आणि पंचमीला येतात, गाडीतून उतरल्या उतरल्या आत्याबाईंच्या गळ्यात पडतात, आणि आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणतात, किती माया हाय बघ तिला. मला तेव्हा काय होतं ते सांगत नाही. तव्यावरची भाकरी करपते एवढं खरं.

कप तसा आपल्यासारखा कप नव्हेच. त्याला कान नाही. मुठीत मावेल एवढा, वर पसरट, खाली निमुळता, आणि एका बाजूला ओठ पुढं आलेला, धार धरायला केल्यासारखा. रंग पांढरा, पण बाजारातल्या कपांचा चुनखडी पांढरा नव्हे. दुधावर साय धरायला लागते तेव्हाचा. उन्हात धरला की पलीकडची बोटं अंधुक दिसायची. अंगावर एक फांदी, फांदीला पाच पाकळ्यांची फुलं आणि फुगीर कळ्या. हे रंगवलेलं नव्हतं, साच्यातून मातीतच उठून आलेलं होतं. बोट फिरवलं की फांदीची गाठ न् गाठ लागायची. आत्याबाई मंदिरात गेल्या की मी बोट फिरवून बघायची, म्हणून माहीत.

कारण आत्याबाई घरात असताना त्याला हात लावायची सोय नव्हती. ओसरीच्या भिंतीतल्या कोनाड्यात तो पालथा असायचा. स्वयंपाकघरात कधी यायचा नाही. बाजाराच्या दिवशी आत्याबाई स्वतः तो अंगणातल्या दगडावर नेऊन वेगळ्या तांब्यानं, वरून पाणी सोडून धुवायच्या, परत कोनाड्यात ठेवायच्या, आणि मग कोपरापर्यंत हात धुवायच्या. लग्न होऊन आले त्या वर्षी मी तो बाकीच्या भांड्यांबरोबर आत आणायला गेले तर ओसरीवरून त्यांचा आवाज आला, "त्याला हात लावू नको. वापरायचा न्हाई तो." त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. माझ्या माहेरी पूजेच्या तांब्याला असंच होतं. वेगळं धुवायचं, वेगळं ठेवायचं, कुणी शिवायचं नाही. त्यामुळं मी जे समजायचं ते समजले. सोमेशला विचारलं तर तो म्हणाला, अप्पांच्या टायमाचा हाय. अप्पा म्हणजे माझे सासरे, मन्मथअप्पा. मी येण्याआधीच ते गेले होते.

दुसरी एक वस्तू होती जिला हात लावायची मला बंदी होती. अप्पांची कपबशी. निळ्या फुलांची, माहूरच्या यात्रेतून आणलेली, चांगली पावशेर चहा मावेल अशी. आत्याबाई ती त्यांच्या कपाटात ठेवायच्या आणि अप्पांच्या तिथीला काढून पदरानं पुसायच्या. तिचा मला कधी मोह पडला नाही. तसल्या कपबश्या कुठल्याही यात्रेत मिळतात.

माझा जीव पांढऱ्या कपात होता. खरं म्हणजे कपातसुद्धा नव्हता. एक दिवस आत्याबाई म्हणतील, दीपमाला, आजपासून हा तू धू. बस, एवढंच मला ऐकायचं होतं. मग मी या घरची झाले असते. राबणारी सून कुणालाही होता येतं, त्याला काय लागतं.

अक्कांनी लातूरला बंगला बांधला आणि वास्तुशांतीचं बोलावणं करायला आल्या. चहाचं आधण ठेवून मी आतून ऐकत होते. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या आत्याबाईंना म्हणाल्या की नव्या घरात या घरातलं काहीतरी असावं, जुनं, वाडवडलांचं. हे म्हणताना त्यांची नजर कोनाड्याकडं गेली असणार, मला बघायची गरज नव्हती. आत्याबाई नाही म्हणतील अशी मला पक्की खात्री होती. "तो कप ने," आत्याबाई म्हणाल्या. "घेऊन जा बाई. मोकळी झाले मी."

इतकं झटकन. मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरले ते पापड उचलून द्यावा तसं दिलं. चहा उतू गेला, शेगडीभर झाला. मी तसाच जाऊ दिला. सोमेशपुढं रडले तर तो म्हणाला, एक कप तर हाय, बाजारातनं दोन आणून देतो. त्याच्याशी मी पंचमीपर्यंत बोलले नाही.

वास्तुशांतीला गेले, न जाऊन सांगते कुणाला. अक्कांच्या देवघराला संगमरवर आणि आत दिवे. मधोमध महादेव आणि शेजारी आमच्या ओसरीवरचा कप. जंगम स्वामींनी त्यातूनच पिंडीवर दुधाची धार धरली. तो पुढं आलेला ओठ, ती बारीक धार, जणू त्यासाठीच केलेला. अक्का येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या की ही रुईची फुलं आहेत, महादेवाची, आमच्या सासरी हा कप इतका सोवळ्यातला की सासूबाईंशिवाय कुणी हात लावायचं नाही. हे सगळं माझं बोलणं होतं. कधीतरी दिवाळीत मीच त्यांना सांगितलं होतं. भाऊजींच्या क्लासमधल्या इतिहासाच्या सरांनी कप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले की हा चीनचा आहे, तीनशे वर्षांचा तरी असेल, आणि तिकडंही असले पेले पूर्वजांपुढं अर्पण करायला ठेवत. अक्का माझ्याकडं बघून हसल्या. मी जेवणात बुंदी घेतली नाही.

मग लातूरच्या पेपरात फोटो आला. अक्का नऊवारीत, हातात कप, खाली लिहिलेलं, बिलोलीच्या घराण्यातला पूजेचा तीनशे वर्षांचा चिनी पेला. अक्कांनी तो मला मोबाइलवर पाठवला, खाली जोडलेले हात. मीही जोडलेले हात पाठवले. आत माझा नुसता जाळ झाला होता. सोमेशनं फोटो बघितला आणि म्हणाला, "चायनाचा माल? माझा मोबाइल वर्सभर टिकला न्हाई." एरवी मी हसले असते.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी दारात रिक्षा थांबली. एक म्हातारे गृहस्थ उतरले. पांढरी दाढी, इस्त्रीचा कुर्ता, काखेत बांगड्यांचा खोका. ओसरीच्या पायरीशीच थांबून त्यांनी विचारलं, "साखराभाबी हैत का घरात? मकबूल आला म्हणावं, बेटी. बांगडीवाला मकबूल."

साखरा म्हणजे आमच्या आत्याबाई. त्या आतल्या खोलीत आडव्या पडल्या होत्या. एरवी त्यांना उठवायला माझा हात लागतो. त्या एकट्या उठल्या, भिंत धरत ओसरीवर आल्या, पाहुण्यांना बसा म्हणाल्या, आणि तशाच कोनाड्याकडं गेल्या. आत हात घातला. तिथं आता सोमेशचे टेस्टर आणि पाने पडलेले असतात. त्यांचा हात पान्याला लागला तरी त्या आत चाचपत राहिल्या. मग हात बाहेर काढून तशाच उभ्या राहिल्या. मला काही उमगेना.

मकबूलचाचाच बोलले. ते आणि अप्पा शाळेपासूनचे दोस्त. बिलोलीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि दर बाजाराला संध्याकाळी ते अप्पांकडं चहाला यायचे. सोमेश पाळण्यात होता तेव्हा ते धंद्यासाठी हैदराबादला गेले आणि मग इकडं येणं झालं नाही. अप्पाच तिकडं जाऊन भेटायचे. दर खेपेला निघताना म्हणायचे, तुझा कप जागेवर हाय, कधी पण ये. आता ते नांदेडला मुलाजवळ, शारिकजवळ, राहायला आले होते आणि शारिकनं पेपर दाखवला होता. "माझा कप पेपरात आला, भाबी," ते हसून म्हणाले. "मी न्हाई आलो कधी." त्यांचे आजोबा हैदराबादेत एका नवाबाच्या ड्योढीत, म्हणजे वाड्यात, बेगमांना बांगड्या भरायला जायचे, तिथं त्यांना तो बक्षीस मिळाला होता. आणि ती फुलं रुईची नव्हेत, आलुबुखाऱ्याची, असं आजोबा सांगायचे.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ओसरीवर ठेवायचा, आत आणायचा नाही. वेगळ्या पाण्यानं. नंतर कोपरापर्यंत हात. आमच्या घरांतून वेगळं ठेवलेलं भांडं देवाचं असतं, आणि आणखी एक प्रकारचं असतं, ते मी साफ विसरले होते. मी विसरले, अक्का विसरल्या, इतिहासाचे सरही विसरले. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते अक्कांचं देवघर. पिंडीवरची ती दुधाची धार. मला आतून उकळ्या फुटायला लागल्या. फोन कुठं ठेवलाय ते मी आठवायला लागले.

आत्याबाई अजून उभ्याच होत्या. त्या चाचांकडं न बघता बोलल्या, "माझ्या सासूनं तुमचा उष्टा कप फोडला व्हता. तुम्ही गल्लीच्या वळणावरच व्हतात. तुम्ही ऐकलं."

"जाऊ द्या, भाबी."

"पुढल्या बाजाराला खिशातनं ह्यो कप काढला तुम्ही. म्हणालात, मला दुसऱ्या कपात चहा चढत न्हाई. ह्यांनी खरं धरलं. मी न्हाई धरलं. सासू गेली तरी मी धुतच राहिले, तसाच, वेगळा."

चाचा खोक्याची दोरी सोडत होते, ती गाठ काही केल्या सुटत नव्हती. कप आता कुठं आहे हे मी सांगितलं, महादेवाजवळ आहे म्हणून. ते खूप वेळ हसले, डोळे पुसले. परत मागवून घेऊ का विचारलं तर नको म्हणाले. "राहू द्या तिथंच. मला ओसरीच्या आत कधी नेलं न्हाई कुणी. कप तरी पोचला."

आत्याबाईंनी मला चहा ठेवायला सांगितलं. चहा झाला. दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी आणलेल्या कागदी कपांचा पुडा फळीवर होता. माझा हात तिकडं गेला. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप गेला. तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या आणि त्यांनी ओट्यावर अप्पांची कपबशी ठेवली. "ह्यात दे."

मी बघतच राहिले. या कपबशीला मी एकदा नुसतं पुसायला घेतलं होतं तर त्यांनी हातातून ओढून घेतली होती. त्यांच्यासाठी मी काय नाही केलं. दवाखाने केले, रात्री पाय चेपले. आणि हे रिक्षातून उतरले काय, आणि आल्या आल्या अप्पांची कपबशी. मला त्या म्हाताऱ्या माणसाचा हेवा वाटला. अक्कांचा वाटायचा त्याहून जास्त. तरी मी कप काठोकाठ भरला आणि नेऊन दिला.

चाचांनी कपबशी ओळखली. बशीत ओतून प्यायला लागले तेव्हा थोडा चहा कुर्त्यावर सांडला. पिऊन झाल्यावर ते कपबशी घेऊन उठले आणि अंगणातल्या दगडाकडं निघाले. त्यांचे डोळे तांब्या शोधत होते. म्हणजे तेव्हा आपला कप ते आपणच विसळून ठेवायचे, आणि आत्याबाई तो नंतर पुन्हा धुवायच्या.

आत्याबाईंनी त्यांना मध्येच अडवलं आणि कपबशी त्यांच्या हातातून काढून घेतली. "दीपमाला," त्या म्हणाल्या, "घे. तू धू."

हेच ते शब्द. मी किती वर्षं वाट बघितली होती, आणि आले ते असे. माझं मन किती वाकडं चालतं बघा, मला पहिली शंका हीच आली की हा मान आहे, की उष्टं आता स्वतः धुवायचं नाही म्हणून मला दिलं? कपबशी हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले आणि त्यांच्या हातांकडं बघत राहिले. नळ दोन पावलांवर होता. आत्याबाईंनी हात पदराला पुसले, चाचांच्या समोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दाखवा बांगड्या. सुनांना आणल्या असतील ना?"

मी कपबशी आत नेली, आमच्या भांड्यांबरोबर, आमच्याच राखेनं नव्हे पण आमच्याच साबणानं धुतली आणि आमच्या फळीवर पालथी घातली.

चाचा गेल्यावर मी अक्कांना फोन लावला. चांगली खुर्चीत बसून लावला. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. कप कुणाचा, तो बाहेर का असायचा, आत्याबाई त्यानंतर हात का धुवायच्या. आणि महादेवाची पिंडी. मी किंकाळीची वाट बघत होते.

"मग आत्याबाईंनी त्यांना चहा कशात दिला?" अक्कांनी विचारलं.

"अप्पांच्या कपबशीत."

"धुतली कुणी?"

"मी."

"आत्याबाईंनी सांगितलं?"

मी हो म्हणाले. फोन चालू होता, पण अक्का बोलत नव्हत्या. ती शांतता मला चांगली ओळखीची आहे. आजवर ती माझ्या बाजूला असायची.

रविवारी अक्का गाडी घेऊन हजर. पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेला कप काढला आणि आत्याबाईंपुढं ठेवला. म्हणाल्या, ज्या घरातला आहे तिथंच राहू दे, मला त्याऐवजी अप्पांची कपबशी द्या. विटाळ म्हणून आणला की कपबशीसाठी आणला, हे मी त्यांच्या तोंडावरून ओळखायला बघत होते. दोन्ही असावं. मी म्हटलं, कपबशी फळीवर असते, रोजच्या वापरात आहे, ती कशी देता येईल. रोजच्या वापरात नव्हती. पण त्या क्षणापासून होती.

आत्याबाई आम्हा दोघींचं ऐकतच नव्हत्या. त्यांनी टॉवेल उलगडला, कप हातात घेऊन फिरवला, फुलांवरून अंगठा फिरवला. मग मला चहा आणायला सांगितला. मी किटली भरून आणली. त्यांनी कप पुढं केला. "ह्यात ओत. मला."

मी ओतला. लगेच भरला. त्यांनी तोंडाला लावला, एक घोट, दुसरा, तिसरा, आणि कप संपला. त्यांनी आत वाकून बघितलं, जणू चहा कुठं सांडला असावा.

"एवढाच मावतो व्हय ह्यात?" त्या म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी हे दोघं बसले की उठायचेच न्हाईत. आणखी चहा, आणखी चहा. मी चुलीम्होरं जळायची. म्हणायची, काय ह्या माणसाची हाव, माझा नवरा समदी सांज ह्याच्यापाशी. मला एक शब्द बोलायला मिळायचा न्हाई त्यांच्याशी." त्यांनी कप उन्हाकडं धरला. त्यातून त्यांची बोटं दिसत होती. "इतकी वर्सं धुतला मी ह्यो. किती मावतो ते ठावंच नव्हतं."

मग त्यांनी कप पुन्हा पुढं केला. "अजून ओत."

किटलीच्या कानाला मी आणि अक्कांनी एकदमच हात घातला. आत्याबाई रिकामा कप धरून बसल्या होत्या, आणि आम्हा दोघींपैकी एकीनंही किटली सोडली नाही.